पॅनेल, टॅब की एआय? आधी वर्गात अडतंय कुठे ते पाहू

वाचकाचं पत्र

ताई, मी माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. शाळेला तंत्रज्ञानासाठी निधी मिळाला आहे आणि तो याच वर्षात खर्च करायचा आहे. काय घ्यायचं ते ठरवायला एक समिती नेमली आहे आणि तिची जबाबदारी मुख्याध्यापकांनी माझ्यावर टाकली आहे. तीन कंपन्यांचे डेमो झाले. एकीचं वर्गात लावायचं मोठं टचस्क्रीन पॅनेल, दुसरीचा प्रत्येक मुलाला टॅब आणि त्यावर सरावाचं ॲप, तिसरीचा मुलांच्या शंकांना उत्तर देणारा एआय शिक्षक. तिथे बसले होते तेव्हा तिन्ही आवडले, घरी येऊन लिहायला बसले तर एकाच्याही बाजूने धड कारण देता येईना. तरुण सहकाऱ्यांना टॅब हवेत. आमचे सर्वांत अनुभवी सर म्हणतात, फळा आहे तो पुरे. संशोधन वाचायला गेले तर प्रत्येक कंपनीकडे स्वतःचं संशोधन आहे. महिनाअखेरीस अहवाल द्यायचा आहे. कसं ठरवू?

उत्तर

नमस्कार. तुमच्या पत्रात तिन्ही उपकरणांचं नेमकं वर्णन आहे, पण तुमच्या मुलांचं गणितात किंवा विज्ञानात कुठे अडतं, याबद्दल एकही ओळ नाही. यात तुम्हाला दोष देत नाही. डेमोची बैठक मुळातच अशी असते की बोलणं वस्तूभोवती फिरत राहतं. वस्तू काय काय करते ते दाखवलं जातं, आपण ते पाहतो, आणि मग तिचा आपल्याकडे उपयोग कुठे होईल ते शोधायला लागतो. हा क्रम उलटा करायला हवा. तो उलटा केल्याशिवाय तिन्हींपैकी काहीही निवडलं तरी तो अंदाजच ठरेल.

शिक्षणात नवीन यंत्र आलं की मोठ्या आशा बांधल्या जातात, हे आजचं नाही. १९१३ साली थॉमस एडिसनने सांगितलं होतं की शाळांतून पुस्तकं लवकरच हद्दपार होतील, मुलं चलच्चित्रांतून शिकतील आणि दहा वर्षांत शाळेचं रूप पार पालटेल. चलच्चित्र आलं, रेडिओ आला, दूरदर्शन आलं, संगणक आला. प्रत्येकाचा काही ना काही उपयोग झाला, पण कशानेही आपोआप शिकणं घडवलं नाही. १९८३ साली रिचर्ड क्लार्क या अमेरिकी संशोधकाने यावर फार रोखठोक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की माध्यम हे माल पोचवणाऱ्या ट्रकसारखं असतं. किराणा कोणत्या ट्रकमधून आला यावर आपलं पोषण ठरत नाही. त्यावर पुढे बरेच वाद झाले आणि काही माध्यमांनी खरोखर नव्या गोष्टी शक्य केल्या हेही खरं. पण तुमच्या समितीच्या पहिल्या बैठकीत हा विचार टेबलावर ठेवा. आपण ट्रक निवडतोय की माल, याचं उत्तर आधी मिळू द्या.

तर आधी अडलेली जागा. एकच घ्या, पण अगदी नेमकी. 'मुलांचं गणित कच्चं आहे' एवढं पुरेसं नाही. दशांश अपूर्णांकच पाहू. ०.५ मोठा की ०.२५, असं विचारलं की बरीच मुलं ०.२५ म्हणतात, कारण पंचवीस पाचापेक्षा मोठे. ही चूक गणित शिकवणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेली असते. पण त्याच वर्गात काही मुलं ०.५ असं बरोबर उत्तर देतात आणि तरीही त्यांना कळलेलं नसतं. दशांश चिन्हानंतर अंक कमी असले की संख्या मोठी, असा नियम त्यांनी मनाशी धरलेला असतो. शतांश हा दशांशापेक्षा लहान, एवढंच अर्धवट ऐकून तो तयार झालेला असतो. या मुलांना ०.३ आणि ०.४५ ही जोडी द्या, ती ०.३ मोठा म्हणतील. म्हणजे पहिल्या प्रश्नात ज्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले, तो मुलगा दुसऱ्या प्रश्नात सापडतो. आणि पहिला प्रश्न चुकून दुसरा बरोबर सोडवणारी मुलं वेगळी, त्यांची समजूत वेगळी, त्यांच्यावरचा उपायही वेगळा.

आता हीच जोडी घेऊन पुन्हा डेमोला बसा. कंपनीच्या माणसाला नम्रपणे बाजूला बसवा, विद्यार्थी म्हणून स्वतः लॉगिन करा आणि ठरवून चुका. डेमो देणारा माणूस नेहमी बरोबर उत्तर देतो, त्यामुळे पडद्यावर टाळ्या वाजतात, तारे उडतात. तुम्हाला पाहायचंय ते चुकल्यावर काय होतं. नुसती लाल फुली आणि 'पुन्हा प्रयत्न करा' येतं का? तेच स्पष्टीकरण, कोणतीही चूक केली तरी, येतं का? की ०.३ ला मोठं म्हणणाऱ्याला एखादी संख्यारेषा दिसते, जिच्यावर ०.३, ०.४ आणि ०.४५ त्याला स्वतः ठेवायला लागतात? मग 'सूचना' या बटणावर लागोपाठ तीन-चार वेळा बोट ठेवून पाहा. कित्येक ॲप शेवटच्या सूचनेत सरळ उत्तरच सांगून टाकतात. हुशार मुलं ही वाट पहिल्याच आठवड्यात शोधतात आणि दुसऱ्या आठवड्यापर्यंत अख्ख्या वर्गाला ती ठाऊक होते. त्यानंतर पडद्यावर जी प्रगती दिसते ती बोटांची असते.

यानंतर शिक्षक म्हणून लॉगिन करा. 'वर्गाची सरासरी ७० टक्के' एवढंच दिसत असेल, तर त्या आकड्याचं दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही काय करणार? तुम्हाला हवं आहे ते असं: कोणत्या मुलांनी कोणतं चुकीचं उत्तर निवडलं. ते दिसलं तर तुम्ही पाच-सहा जणांना वेगळं बसवून संख्यारेषा काढायला लावू शकता. रंगीत आलेख, बिल्ले, क्रमवारी हे सगळं बाजूला सारून हा एकच पडदा मागा. अनेकदा तो नसतोच.

यातून तुमच्या लक्षात येईल की एखाद्या अडलेल्या जागेला तीनपैकी एकही वस्तू लागत नाही. ही दशांशाची तपासणी कागदी कार्डांवरही होते. प्लिकर्स नावाच्या साधनात प्रत्येक मुलाकडे एक छापील कार्ड असतं. ते ज्या बाजूने वर धरलं त्यावरून उत्तर अ, ब, क की ड हे ठरतं, आणि शिक्षक आपल्या फोनच्या कॅमेऱ्याने वर्गावरून एक नजर फिरवतो. मुलांकडे एकही उपकरण नाही, चार्जिंग नाही, पासवर्ड नाही, आणि कोणी काय निवडलं ते लगेच समोर. फोनही नको असेल तर पाट्यांवर उत्तर लिहून एकदम वर धरायला सांगा. नोंद हाताने ठेवावी लागेल एवढंच. समिती नेमली आहे म्हणून काहीतरी मोठं घेतलंच पाहिजे असं नाही, आणि हे अहवालात लिहायला बिलकूल कचरू नका.

दुसरा प्रश्न असा, की साधन चालू असताना मुलाच्या डोक्यात काय चाललंय. बोटं आणि डोळे गुंतलेले दिसतात तेव्हा डोकंही गुंतलंय असं आपण गृहीत धरतो. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग मला यासाठी फार मोलाचा वाटतो. विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. मनाला ताण देऊन आठवलेलं टिकतं. म्हणून ज्या साधनात मूल मुख्यतः पाहतं आणि पुढचं बटण दाबतं, त्यापेक्षा ज्यात त्याला मागच्या आठवड्याचं न पाहता आठवावं लागतं ते साधन उजवं, मग त्याचा पडदा कितीही साधा असो. सरावाचं ॲप पाहताना विचारा: आज शिकलेलं चार दिवसांनी, मग दोन आठवड्यांनी, पुन्हा समोर येतं का? की धडा संपला म्हणजे संपला?

याच संदर्भात वाचनाचंही सांगते. २००० ते २०१७ या काळातल्या ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात एक लाख सत्तर हजारांहून अधिक वाचक होते. माहितीपर मजकूर, आणि तोही वेळेच्या मर्यादेत वाचायचा असेल, तर कागदावर वाचणाऱ्यांना तो अधिक समजतो असं त्यात दिसलं. त्यामुळे 'पाठ्यपुस्तकं टॅबमध्ये आली की दप्तराचं ओझं गेलं' असं कोणी म्हणालं तर ओझ्याचा मुद्दा मान्य करा, पण विज्ञानाचं लांबलचक स्पष्टीकरण मुलांनी कशावर वाचावं हा प्रश्न वेगळा ठेवा.

आता तुमच्या तीन वस्तूंकडे येते.

पॅनेलबद्दल थोडक्यात. ते मुख्यतः शिक्षकाचं साधन आहे. फळ्यापाशी एका वेळी एकच मूल उभं राहतं, बाकीचे पाहतात. ज्यांच्या वर्गात आकृती हलवून दाखवण्याची खरोखर गरज आहे त्यांना त्याचा उपयोग होतो, आणि तुम्ही गणित-विज्ञान शिकवता म्हणजे ती गरज तुम्हाला आहे. पण तो उपयोग बहुतेक वेळा पॅनेलमुळे होत नसून त्यावर जे चालवता त्यामुळे होतो. जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढला की मध्यगा कशा एकाच बिंदूत मिळत राहतात, ते साध्या प्रोजेक्टरवरही तितकंच स्पष्ट दिसतं. कार्ल वीमन या नोबेलविजेत्या भौतिकशास्त्रज्ञाने २००२ साली सुरू केलेल्या फेट या संगणकीय प्रतिकृतींच्या प्रकल्पातली विद्युत परिपथाची प्रतिकृती तर मला विज्ञानाच्या प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी वर्गात वापरावी असं मनापासून वाटतं. बल्ब, तारा, विद्युतघट जोडायचे. तारांमधून इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. दुसरा बल्ब एकसर जोडणीत लावण्याआधी मुलांना विचारा: पहिल्या बल्बपाशी प्रवाह 'वापरला' जाईल का, दुसरा मंद पेटेल का? हात वर करून भाकीत करू द्या, वहीत लिहू द्या, मगच जोडा. दोन्ही बल्ब सारखेच पेटतात आणि वर्गात जी कुजबुज सुरू होते तिथे शिकणं सुरू होतं. हे दोन्ही मोफत वापरता येतात. शाळेत प्रोजेक्टर असेल तर पॅनेलचा विचार करण्याआधी महिनाभर हे करून पाहा.

टॅबचा प्रश्न मोठा आहे, कारण त्यात खर्च सर्वांत जास्त आणि आशाही सर्वांत जास्त. दोन अभ्यास शेजारी शेजारी ठेवून वाचा. पेरू देशात ग्रामीण प्राथमिक शाळांतल्या मुलांना मोठ्या प्रमाणावर लॅपटॉप वाटले गेले. ३१९ शाळांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ साली आले: मुलांचा संगणकाचा वापर खूप वाढला, काही सर्वसाधारण बौद्धिक कौशल्यांत थोडा फायदा दिसला, पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक पडला नाही. दुसरा अभ्यास दिल्लीतला, २०१९ साली प्रसिद्ध झालेला. माध्यमिक वर्गांतली मुलं शाळा सुटल्यावर केंद्रात जात. तिथे माइंडस्पार्क हे सॉफ्टवेअर मूल कोणत्या इयत्तेत आहे हे न पाहता त्याची प्रत्यक्ष तयारी कुठवर आहे ते शोधून तिथून सुरुवात करत असे. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत स्पष्ट प्रगती दिसली. कंपन्या हा अभ्यास आवर्जून सांगतात. सांगताना एक गोष्ट बहुधा गळते: रोजच्या दीड तासातला निम्मा वेळच सॉफ्टवेअरचा होता, उरलेला निम्मा वेळ माणूस लहान गटाला शिकवत होता.

दोन्हीकडे यंत्र होतं. फरक कशाने पडला असावा ते तुम्हीच पाहा. एकीकडे यंत्र हातात देऊन पुढचं त्याच्यावर सोडलं होतं. दुसरीकडे एक ठरावीक अडचण होती, की वरच्या वर्गातल्या मुलाला खालच्या इयत्तेतलं येत नाही आणि शिक्षक मात्र पाठ्यक्रमाच्या पुढच्या पानावर आहे, आणि त्या अडचणीसाठी साधन, वेळ आणि माणूस असं तिन्ही नेमलेलं होतं. तुमच्या वर्गात हीच अडचण असेल तर सरावाच्या ॲपचा विचार जरूर करा. मग प्रत्येकाला टॅब लागेलच असंही नाही. एक संच आलटून पालटून वर्गांत फिरू शकतो. प्रत्येक बाकावर पडदा सतत उघडा असण्याची किंमतही विचारात घ्या. २०१३ साली कॅनडात विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात, व्याख्यान चालू असताना लॅपटॉपवर दुसरंच काही करणाऱ्यांचे गुण तर घसरलेच, पण त्यांचा पडदा ज्यांना दिसत होता अशा मागच्यांचेही घसरले. ती मोठी मुलं होती. माध्यमिक वर्गात काय होईल हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

एआय शिक्षकाबद्दल मी सर्वांत जास्त सावध राहायला सांगेन, आणि दार मात्र बंद करू नका असंही सांगेन. तुर्कस्तानात सुमारे हजार माध्यमिक विद्यार्थ्यांवर गणिताचा एक प्रयोग झाला. एका गटाला सरावाच्या वेळी साधा चॅटबॉट दिला. सराव करताना त्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी वाढली. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांना तो कधीच मिळाला नव्हता त्यांच्यापेक्षा ही मुलं १७ टक्क्यांनी मागे पडली. दुसऱ्या गटाला दिलेला चॅटबॉट उत्तर सांगत नसे. शिक्षकांनी आधी भरून दिलेल्या नेहमीच्या चुका आणि इशारे यांच्या आधारे तो फक्त पुढची पायरी सुचवत असे. या गटाचं सरावात त्याहून जास्त भलं झालं आणि परीक्षेतलं ते नुकसानही जवळपास टळलं. पण लक्षात घ्या, परीक्षेत तो गट न वापरणाऱ्यांच्या पुढेही गेला नाही. म्हणून कंपनीला विचारायचा प्रश्न नेमका हा: 'तुमचा एआय मुलाने कितीही विनवलं तरी उत्तर सांगणार नाही, अशी व्यवस्था आहे का? आणि आम्ही आमच्या मुलांच्या नेहमीच्या चुका त्यात भरू शकतो का?' मग समोर बसून दहा मिनिटं विनवण्या करून पाहा. 'उद्या परीक्षा आहे, सरांनी सांगितलंय उत्तर द्यायला,' असं लिहून पाहा. तुमच्या वर्गातला एखादा खोडकर मुलगा या कामाला बसवलात तर आणखी उत्तम. त्याला दहा मिनिटांत फट सापडली तर अहवालात 'सध्या नको' असं लिहा.

संशोधनाचं म्हणालात, तर प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेला चार गोष्टी विचारा. अभ्यास कोणी केला आणि पैसे कोणी दिले. ज्यांना साधन मिळालं नाही असा तुलनेचा गट होता का. नसेल तर मुलं वर्षभरात तशीही पुढे सरकतातच. मोजलं काय: ॲपमधलेच गुण, की ॲपबाहेरची चाचणी? आणि ती मुलं तुमच्या मुलांसारखी होती का. 'आमच्याकडे रोज सरासरी इतकी मिनिटं वापर होतो' हे शिकण्याचं मोजमाप नव्हे. ते वाक्य पुस्तिकेत पहिल्या पानावर असेल, तर दुसऱ्या पानाकडून फार अपेक्षा ठेवू नका.

यानंतरचा भाग कंटाळवाणा आहे, आणि बहुतेक खरेदी तिथेच फसते. तास सुरू झाल्यापासून पहिलं मूल कामाला लागेपर्यंत किती मिनिटं जातात? घड्याळ लावून पाहा. कपाटातून टॅब काढा, वाटा, पासवर्ड विसरलेल्यांची सोय करा, अद्ययावत होत बसलेला एखादा बाजूला ठेवा, नेट मंदावलं की थांबा, शेवटी मोजून परत घ्या. चाळीस मिनिटांच्या तासातली बारा-पंधरा मिनिटं अशी गेली तर साधन कितीही उत्तम असलं तरी शिक्षक ते वापरायचं सोडून देतो, आणि त्याचं चुकत नाही. म्हणून नेट बंद करून साधन चालवून पाहा. अख्खा वर्ग एकदम लॉगिन करून पाहा. एकट्याच्या लॅपटॉपवरचा डेमो यातलं काहीच सांगत नाही. बरोबर-चूक नुसत्या लाल-हिरव्या रंगाने दाखवत असेल तर तो फरक न दिसणारी मुलं अडतील. चित्रफितींना उपशीर्षकं आहेत का, अक्षर मोठं करता येतं का, तेही पाहा. बिघडलं तर दुरुस्तीला कोण येतं, किती दिवसांत, आणि तोवर बदली वस्तू मिळते का, हे लेखी घ्या.

मुलांच्या माहितीबद्दल कडक राहा. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२२ साली ४९ देशांत वापरल्या गेलेल्या दीडशेहून अधिक शैक्षणिक उत्पादनांची तपासणी जाहीर केली. त्यातली बहुसंख्य उत्पादनं मुलांची माहिती अशा रीतीने हाताळत होती की त्यांच्या हक्कांना धोका पोचावा; कित्येक ती जाहिरातींच्या कंपन्यांपर्यंत पोचवत होती. त्यामुळे कंपनीला लेखी विचारा: कोणती माहिती घेता, का घेता, कोणाला देता, आम्ही सांगितलं तर कायमची पुसता का. सरावाच्या ॲपला मुलाचं ठिकाण, संपर्कयादी किंवा मायक्रोफोन कशाला हवा, याचं समाधानकारक उत्तर आलं नाही तर तिथेच थांबा. नावाऐवजी हजेरी क्रमांकावर किंवा टोपणनावावर खाती उघडता आली तर तशीच उघडा. पालकांना हे खरेदीआधी सांगा. नंतर कळलं की विश्वास जातो आणि तो परत मिळवायला वर्षं लागतात.

आणि बाहेर पडायची वाट आधी पाहून ठेवा. एडमोडो हे जगभरच्या लाखो शिक्षकांनी वापरलेलं व्यासपीठ सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झालं. गूगलचा जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा २०२४ च्या अखेरीस बंद झाला. एवढ्या मोठ्यांचं असं होतं, तर लहान कंपनी उद्या विकली गेली, तिने दर वाढवले किंवा मोफतची मुदत संपली, तर तुमचे धडे, प्रश्नसंच आणि मुलांच्या नोंदी कोणत्या स्वरूपात हातात येतील? 'सगळं एक्सेलमध्ये उतरवून घेता येतं' असं तोंडी सांगतील. समोर उतरवून दाखवायला लावा. पहिल्या वर्षाचा दर पाहू नका, नूतनीकरणाचा पाहा.

आता तुमच्या सहकाऱ्यांबद्दल. तरुण सहकारी विरुद्ध अनुभवी सर असा सामना होऊ देऊ नका. 'फळा पुरे' म्हणणाऱ्या शिक्षकाने बहुतेक वेळा याआधीची दोन-तीन यंत्रं येऊन कपाटात गेलेली पाहिलेली असतात. त्यांचा नकार हा आळस नसून अनुभव आहे, आणि तुमच्या समितीला तो अनुभव हवा आहे. मी तुमच्या जागी असते तर अडलेल्या जागांची यादी करायला सर्वांत आधी सरांपाशी गेले असते. कोणत्या घटकाला मुलं दरवर्षी कशी चुकतात हे त्यांना तोंडपाठ असेल. दशांशासारख्या प्रश्नांच्या जोड्या त्यांच्याइतक्या चांगल्या कोणी काढून देणार नाही. मग त्याच जोड्या घेऊन तरुण सहकाऱ्यांना साधनं तपासायला बसवा. आणि प्रायोगिक वापर फक्त उत्साही शिक्षकाच्या वर्गात करू नका. उत्साही माणसाच्या हातात बहुतेक काहीही चालतं. एक तुकडी उत्साही शिक्षकाची, एक साशंक शिक्षकाची घ्या. साशंक शिक्षकालाही ज्याचा फायदा झाला ते साधन खरं.

हा प्रयोग चार ते सहा आठवड्यांचा असावा, कारण पहिले दोन आठवडे नव्याची नवलाई असते आणि तेव्हाचं काहीही मोजण्यात अर्थ नाही. एकच घटक निवडा. सुरुवातीला कागदावर चाचणी, शेवटी तशीच दुसरी कागदावर चाचणी, आणि तीन आठवड्यांनी न सांगता तिसरी. ज्या तुकडीला साधन दिलं नाही तिथेही त्याच चाचण्या घ्या, आणि तोच घटक तितक्याच तासांत शिकवा. दोन-तीन तुकड्यांवरून कोणताही मोठा निष्कर्ष निघत नाही हे अहवालात नमूद करा, पण कंपनीच्या पुस्तिकेपेक्षा तुमच्याच मुलांच्या पन्नास-साठ उत्तरपत्रिका तुम्हाला जास्त सांगतील. मुलांना गटागटाने विचारा: कुठे अडलात, काय केलंत, कंटाळा कधी आला. पडद्यावर प्रेम करणारं मूलही 'त्यात उत्तर आपोआप येतं' असं प्रांजळपणे सांगून टाकतं.

महिनाअखेरीस हे सगळं होणार नाही, मला कल्पना आहे. मग अहवालात निवड देऊ नका, योजना द्या. पहिल्या पानावर तुमची अडलेली जागा आणि आजच्या घडीला किती मुलं तिथे चुकतात तो आकडा. हा आकडा मिळवायला एक तास पुरतो. पुढे त्या जागेसाठी तीनपैकी कोणतं साधन विचारात घेण्याजोगं आहे आणि कोणतं का नाही. मग एकाच साधनाचा मर्यादित, मुदतीचा वापर, तोही कंपनीकडून चाचणीसाठी मिळाला तर उत्तम. निधी याच वर्षात संपवायचा असेल, तर ज्याचा उपयोग कोणतंही साधन निवडलं तरी होणार आहे त्यावर आधी खर्च सुचवा: वर्गातलं नेट, वीजजोडण्या, चांगला प्रोजेक्टर, कुलूपबंद चार्जिंग कपाट. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी वेगळी रक्कम मागा, आणि त्यातही कंपनीच्या एका दिवसाच्या कार्यशाळेऐवजी वेळापत्रकात दर आठवड्याला एक मोकळा तास मागा, जिथे तुम्ही चार-पाच जण मुलांची चुकलेली उत्तरं समोर घेऊन बसाल. मुख्याध्यापकांना रक्कम मंजूर करणं सोपं असतं, तास मोकळा करून देणं अवघड. म्हणून ही मागणी अहवालाच्या शेवटी न ठेवता पहिल्याच पानावर, त्या आकड्याच्या खाली लिहा.